खुडूक कोंबडीचा खेळ

"मावशी, ती फरशी राहू द्या. इकडं या, बसा."

आवटीसरांनी खुर्ची मागे ओढली. मी ओलं फडकं बादलीच्या काठावर टाकलं, हात पदराला पुसले आणि बसले. समोर पडद्यावर एक बेडूक होता, त्याच्यापुढे रस्ता आणि रस्त्यावरून धावणाऱ्या गाड्या.

"काय करायचं हाय?"

"ते आम्ही सांगणार नाही. तुम्हाला सुचेल ते करा."

रेश्मा वही घेऊन माझ्या पाठीशी उभी राहिली. मी माउसवर हात ठेवला. तोवर मी तो फक्त पुसला होता. बेडूक हलला, दोन उड्या मारल्या आणि टेम्पोखाली गेला. मग पडदा काळा झाला, काहीतरी रडकं वाजलं, काहीतरी लिहून आलं, ते गेलं, दुसरं लिहून आलं आणि बेडूक परत पार लांबून चालत रस्त्यापर्यंत आला.

"कशी वाटली?" सरांनी विचारलं.

"बेडूक मेला हे मला दिसलं की. मग तीनतीनदा कशाला सांगताय? पडलेल्याला आधी उभं करावं, भाषण मागनं."

सर रेश्माकडे बघून हसले. "लिही हे," म्हणाले.

माझं बोलणं कुणी लिहून घेण्याची ती पहिलीच वेळ. मी त्रेपन्न वर्षांची होते.

कुपवाड रोडला बॅटरीच्या दुकानावर दोन खोल्यांचं ते ऑफिस होतं. तिथे इंटरनेटवर खेळायचे फुकट खेळ बनायचे. एक मराठी वेबसाइट होती, तिच्यावर ते लागायचे. काही उतरवून घ्यायला नको, नाव-गाव द्यायला नको. उघडायचा, खेळायचा, बंद करायचा. बाजूला जाहिराती हलत राहायच्या, त्यावर सगळं चालायचं. चित्रं रेश्मा मुजावर काढायची, ती चालती-बोलती सर करायचे. मी झाडलोट आणि चहा करायची. मला आकडे ओळखता यायचे, अक्षर एकही येत नव्हतं. आणि सरांना नेमकं तेच हवं होतं. ते म्हणायचे, "मावशीला न सांगता कळलं, तर सगळ्या महाराष्ट्राला कळलं."

मग दर नव्या खेळाला मला बसवायचे. मी बोलत गेले. पतंगाच्या खेळात म्हटलं, दोरी ओढली की पतंगानं लगेच मान वळवली पाहिजे, नाहीतर आपण भिंतीशी बोलतोय असं वाटतं. बस लावायच्या खेळात म्हटलं, पहिली चूक माफ करा; फुकट आलेल्या माणसानं काही गमावलेलं नसतं, तो पहिल्या फटक्याला उठून जातो. रंगीत खड्यांच्या खेळात तीन खडे जुळले की मोठ्ठा आवाज व्हायचा. मी म्हटलं, जरा जपून वाजवा, ऑफिसात चोरून खेळणाऱ्याचं नाक कापाल. त्यावर रेश्मा इतकी हसली की तिच्या हातातलं पेन खाली पडलं.

सगळं खरं निघायचं. सर सांगायचे, मावशी, तुम्ही सांगितलेलं बदललं आणि लोक वाढले. मी फरशी पुसताना ते मनात घोळवायची.

घरी ऐकायला भाऊ होता. महिपती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. मालक वारल्यावर गावाकडच्या कोंबड्या विकून मी त्याच्याकडे मिरजेला आले होते. कोर्टाशेजारी त्याचं झेरॉक्स आणि टायपिंगचं छोटं दुकान. सतराव्या वर्षी त्याला साखरेचा आजार निघाला, तेव्हापासून रोज इंजेक्शन. लग्न झालं नाही. पोरी बघायला गेलो की चहाला हा साखर नको म्हणायचा आणि बोलणं तिथंच थांबायचं.

दुपारचं इंजेक्शन तो साडेबाराला दुकानातच घ्यायचा, आणि घेतल्यावर अर्ध्या तासात जेवायलाच लागायचं. नाही जेवला तर साखर एकदम उतरते. आधी घाम फुटतो, मग माणूस भलतंच बोलतो, मग बोलतच नाही. तीन वर्षांपूर्वी एकदा तो असाच दुकानात पडला होता. गिऱ्हाईक आलं म्हणून जेवण मागे पडलं होतं, एवढंच. तेव्हापासून आमचं ठरलेलं. एकच्या ठोक्याला मी मिस कॉल द्यायचा, म्हणजे "जेव". डबा संपवून त्यानं मिस कॉल द्यायचा, म्हणजे "जेवलो". सव्वापर्यंत नाही आला तर मी खरा फोन करायचा आणि शिव्या घालायच्या. माझ्या फोनवर त्यानं दोनचं बटण त्याच्यासाठी लावून दिलं होतं. दाबून धरलं की त्याला लागायचा.

"आक्का, तू फोन केलास की गिऱ्हाईकं हसत्यात," तो म्हणायचा. "म्हणत्यात, वकीलसाहेबांपेक्षा तुमची आक्का मोठ्यानं बोलती."

"मग जेव की वेळेवर. मला काय हौस हाय?"

"हाय. तुला ओरडायची लई हौस हाय."

त्यालाही आमचे खेळ आवडायचे. दुकानात काम नसलं की खेळायचा आणि रात्री भाकरी खाताना चुका सांगायचा. मी त्या सकाळी माझ्या म्हणून सरांना सांगायची.

त्या वर्षी मार्चमध्ये सर काळजीत होते. वेबसाइटवाल्यांचं म्हणणं, लोक येतात खरे, पण चार मिनिटांत जातात.

"मावशी, तुम्ही सांगा," सर म्हणाले. "माणूस उठू नये म्हणून काय करावं?"

मी कपबश्या विसळत होते. पाठ न वळवता म्हटलं, "खुडूक कोंबडीगत बसवा."

"म्हणजे?"

मी सांगितलं. कोंबडी खुडूक झाली की अंड्यांवर बसते आणि उठत नाही. एकवीस दिवस. अंगावर काठी आणली तरी चोच मारते पण जागा सोडत नाही. तिला कुणी बांधलेलं नसतं. अंडी गार होतील एवढीच भीती तिला. "माणसाच्या बुडाखाली अंडी द्या," मी म्हटलं, "मग त्याला धरून ठेवायला नको."

मग सर खुर्चीतून उठले, फळ्यावर काहीतरी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या.

पंधरा दिवसांत खेळ उभा राहिला. रेश्मानं कोंबडी काढली ती माझ्या सांगण्यावरून. पिसं फुगलेली, शेपूट पसरलेली, डोळा स्थिर. खाली तपकिरी अंडी. माउस हलवून ती उलटी-सुलटी करत राहायची. हात थांबला की अंडी निळी पडायला लागायची, आणि दहा मोजेपर्यंत निळी राहिली की सगळं संपलं, पुन्हा पहिल्यापासून. पहिली वेळ दोन अंड्यांची, दहा मिनिटांत पिल्लं. मग तीन अंडी, वीस मिनिटं. असं वाढत शेवटी सात अंडी आणि एक तास वीस मिनिटं.

मी पहिली तीन पिल्लं काढली तेव्हा माझ्या छातीत दूध दाटल्यासारखं झालं. मला मूल नाही. ते मी कुणाला बोलले नाही. पण दुसरं बोलले.

"सर, हिला उठवायला लागतं."

"कुणाला?"

"कोंबडीला. खुडूक कोंबडी आपणहून उठत न्हाई, मग मरती की उपाशी. आम्ही रोज दुपारी तिला दोन्ही हातांनी उचलायचो, दाणा-पाण्यापुढं ठेवायचो आणि अंड्यांवर गोणपाट टाकायचो. घटकाभरात खाऊन येती. अंड्यांना काय होत न्हाई. तसं एक बटण द्या. गोणपाट टाकायचं."

"थांबायचं बटण? मावशी, उठला की गेला तो. परत येत नाही."

"कोंबडी येती."

"कोंबडी येते," सर म्हणाले. "माणूस येत नाही."

मी धरूनच बसले. दोन दिवस चहा दिला की तेच. तिसऱ्या दिवशी सरांनी मला बोलावलं. पडद्यावर कोंबडीच्या खाली लाल अक्षरांची एक ओळ आली होती. हात थांबला की ती लुकलुकायची.

"घ्या. तुमचं ऐकलं."

"काय लिहिलंय?"

"उठा म्हणून लिहिलंय," सर म्हणाले.

मी रेश्माकडे बघितलं. ती खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत होती. मी समाधानानं बादली उचलली.

खेळ सोमवारी लागला. रविवारीच मी महिपतीला सांगून ठेवलं होतं. "उद्या उघड. आपल्या तांबडी कोंबडीचा हाय. आणि मला सांग कसा झालाय."

"तांबडी? जी माझ्या हाताला चावली ती?"

"तीच. आता सगळ्या महाराष्ट्राला चावंल."

मंगळवारी रात्री तो भाकरी मोडून तशीच बसला. "आक्का, लई वाईट खेळ केलाय तुम्ही," म्हणाला. डोळे चमकत होते. "बाकीच्या खेळांत मी जिंकायला बघतोय. ह्यात जिंकायचं काय न्हाई, नुसतं सोडायचं न्हाई. आज एक वकील अर्जासाठी दहा मिनिटं उभा होता. मी म्हटलं, जरा थांबा साहेब, अंडी हायत."

"गिऱ्हाईक घालवशील."

"त्यो बी बघत उभा राहिला की! नंतर म्हणतोय, मला बी दाखव कुठं असतंय ते." मग म्हणाला, "पण एक चूक हाय. थांबायचं बटण न्हाई ह्यात. खेळ चांगला कुठला? जो ठेवून जाता येतो."

"लिहिलंय की त्यात, उठा म्हणून. ते दिसलं की उठायचं."

तो माझ्याकडे बघत राहिला आणि मोठ्यानं हसला. "व्हय, लिहिलंय खरं!" म्हणाला. "चांगलं लिहिलंय!"

मला वाटलं, माझं कौतुक करतोय. मीही हसले.

बुधवारी तो पाच अंड्यांपर्यंत गेला होता. गुरुवारी सकाळी डबा घेताना म्हणाला, आज सात. मी त्याला मेथीची भाजी आणि दोन भाकरी दिल्या होत्या. एकला मी मिस कॉल दिला.

तीनच्या सुमाराला शिवलिंगआप्पांचा फोन आला. ते महिपतीच्या दुकानासमोर चहाची गाडी लावायचे.

"गोजराबाई, या लवकर. भाऊ बोलायलाच तयार न्हाई. मला वाटलं झोप लागलीय."

"तोंडात साखर घाला! ड्रॉवरमध्ये पुडी हाय!"

"घातली हो. गिळंना झालाय."

मी रिक्षानं गेले. तोवर त्याला दवाखान्यात हलवलं होतं. दुकान उघडं, डबा टेबलावर, झाकण न काढलेला. कागदात गुंडाळलेली इंजेक्शनची सुई शेजारी. खुर्ची मागे सरकलेली, तिच्या पाठीचा रेक्झिन घामानं ओला. ड्रॉवर त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता. डॉक्टर नंतर म्हणाले की साखर उतरली की आधी डोकंच चालेनासं होतं, मग साखर घ्यायची हेही सुचत नाही.

पडदा चालू होता, खेळ आपोआप संपून पुन्हा सुरू होत होता. अंडी निळी. खाली लाल ओळ लुकलुकत होती.

"आप्पा," मी विचारलं, "हे काय लिहिलंय?"

आप्पांनी चष्मा वर केला आणि एकेक शब्द वाचला. "उठलात तर... अंडी... गार होतील."

"परत वाचा."

त्यांनी परत वाचलं. तेच होतं.

महिपती तीन दिवस होता. एकदा डोळे उघडले, पण ते माझ्यावर थांबले नाहीत. रविवारी सकाळी गेला. बेचाळीस वर्षांचा होता.

चौदाव्या दिवशी मी ऑफिसात गेले. सर उभे राहिले. त्यांना कळलं होतं. रेश्मा कोपऱ्यात रडत होती.

"सर, ती ओळ वाचून दाखवा."

"मावशी..."

"वाचा."

त्यांनी वाचली.

"तुम्ही म्हणाला, उठा लिहिलंय."

"उठ... लिहिलंय की त्यात." हे बोलून ते मटकन खुर्चीत बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरलं. "मावशी, मी कुणाला मारायला लिहिलं नव्हतं हो. तुम्ही ऐकेनात म्हणून बोलून गेलो. तुम्हाला काय फरक पडतोय असं वाटलं."

"मला वाचता येत न्हाई म्हणून."

मी पडद्याकडे बोट केलं.

"काढा ती. आणि गोणपाटाचं बटण टाका."

त्यांनी प्रयत्न केला, हे खरं आहे. दोन दिवसांनी मला खाली रस्त्यावर भेटले. वेबसाइटवाले नाही म्हणत होते. आता लोक सरासरी बावन्न मिनिटं बसत होते. दुसऱ्या कुठल्याच खेळाला तेवढे बसत नव्हते. "त्यांनी विचारलं, ही कल्पना कुणाची," सर म्हणाले. "मी तुमचं नाव सांगितलं."

ते चांगुलपणानंच बोलले असतील. मी त्यांना तिथंच सोडून चालू लागले आणि त्या ऑफिसात परत गेले नाही.

काही महिन्यांनी रेश्मानंही ते काम सोडलं. एका संध्याकाळी ती पाटी आणि पेन्सिल घेऊन माझ्या खोलीवर आली. तिनं मला अक्षरं शिकवली. मी म्हटलं, अ आ नको, आधी ती ओळ शिकव. तिनं पाटीवर पहिलं अक्षर काढलं, उ. माझ्याच्यानं ते आठ दिवस जमलं नाही. हात फावड्यासारखा चालायचा. पण पंचावन्नाव्या वर्षी मी वाचायला लागले. दुकानांच्या पाट्या, मग पेपर, मग पुस्तकं. पुढं प्रौढांच्या वर्गात मी स्वतः शिकवायला जाऊ लागले आणि मला भाषणाला बोलवू लागले.

भाषणात मी महिपतीची गोष्ट सांगायची. मला अक्षर येत नव्हतं, मला एक सांगितलं गेलं आणि पडद्यावर भलतंच होतं, त्यात माझा भाऊ गेला. बायका रडायच्या. पाटी-पेन्सिल मागायला दुसऱ्या दिवशी दोघी-तिघी यायच्याच. सांगलीत एकदा मोठी सभा होती, हारतुरे होते, आणि पहिल्या रांगेत रेश्मा बसली होती. नवऱ्याला घेऊन मुद्दाम आली होती. मी बोलून खाली उतरले. ती जवळ आली, माझा हात धरला.

"छान बोललात मावशी," म्हणाली. आणि माझ्या डोळ्यांकडे न बघता लगेच नवऱ्याला म्हणाली, "चला, बस जाईल."

तिला माहीत होतं. माझ्याखेरीज फक्त तिलाच. आता मी सत्तरीला आले आहे. सभेत जे बोलता आलं नाही ते लिहिता येतं का बघते.

त्या गुरुवारी एकला मी मिस कॉल दिला आणि फोन खिडकीत ठेवला, कारण रेंज तिथंच यायची. मग मी खुर्चीत जाऊन बसले. साडेबारापासून सात अंडी सुरू होती. मिस कॉल देताना रेश्मानं माउस सांभाळला होता. ऑफिसात सात अंडी अजून कुणाची फुटली नव्हती, सरांचीही नाही. सर माझ्या उजव्या हाताला उभे होते, पण मिस कॉलचं आमचं ठरलेलं फक्त रेश्माला ठाऊक होतं; ती वही घेऊन पाठीशी.

सव्वा झाला. फोन वाजला नाही. ते माझ्या लक्षात आलं. भिंतीवरचं घड्याळ पडद्याच्या अगदी वरच होतं, आणि आकडे मला येत होते.

"मावशी," रेश्मा म्हणाली, "भावाचा फोन नाही आला ना?"

"जेवत आसंल."

खिडकी सहा पावलांवर होती. लाल ओळ लुकलुकत नव्हती, कारण माझा हात थांबत नव्हता. मी ती ओळ वाचू शकत नव्हते. ती काय सांगते हे मात्र मला पोटातून कळत होतं.

दीडला रेश्मा परत म्हणाली. "मी लावून देऊ का फोन? दोनचं बटण ना?"

"नको. दुसऱ्याचा आवाज ऐकून घाबरंल त्यो."

"मग माउस द्या माझ्याकडं, तुम्ही जाऊन या. मघाशी धरला होता की मी."

"तुझ्या हातनं निळी पडत्यात," मी म्हटलं. "आता थोडंच राहिलंय. थांब."

ती थांबली.

एक पन्नासला सातही अंडी फुटली. एकामागून एक, ओली पिल्लं, डोळे मिटलेली. सरांनी टाळ्या वाजवल्या, "मावशी, तुम्हीच पहिल्या!" म्हणाले. रेश्मानं वहीत वेळ लिहिली. मला रडू आलं आणि ते आनंदाचं होतं.

मग मी उठले. खिडकीशी गेले, दोनचं बटण दाबून धरलं. पलीकडे वाजायला लागलं. पूर्ण वाजलं. कुणी उचललं नाही.

मला वाटलं, त्याचीही फुटायला आली असतील, आता कशाला उठवायचं. मी फोन खाली ठेवला आणि चहाचं आधण टाकलं.